आईने मागितलेली खुर्ची

बाबा,

खळ्यावरच्या त्या दुपारपासून सुरुवात करते, कारण तुमचं आणि आईचं जे काही एकमेकांना चुकवत राहिलं ते मला वाटतं तिथूनच. मी तेव्हा आठवीत होते. भात झोडून झालं होतं, शेणाने सारवलेल्या खळ्यावर दाण्यांचा ढीग पडला होता, आणि आई, शेजारची काकी आणि मी अशा तिघी बांधावरच्या चिंचेखाली बसलो होतो. वारा पडला होता. भात वारवायचं म्हणजे सूप डोक्याच्या वर धरून दाणे हळूहळू खाली सोडायचे, आणि फोलपटं उडवून न्यायचं काम वाऱ्याने करायचं. वाराच नसेल तर सूप धरून उपयोग काय? म्हणून बायका बसायच्या. खाडीकडून वारा कधी येईल ते कोणी सांगू शकत नसे, आणि खरं सांगायचं तर कोणाला घाईही नसे. आई पाय पसरून, चिंचेच्या बुंध्याला पाठ टेकून बसलेली आहे. हात मांडीवर पालथे. काकी कोणाच्या तरी लग्नातली भांडणं सांगते आहे आणि आई डोळे मिटून हसते आहे. वर्षभरात आईला असं बसलेलं मी एवढ्याच दिवसांत बघत असे, भात वारवायच्या दिवसांत, वारा पडला की.

तेवढ्यात तुम्ही आलात. डोक्यावर लाकडी घोडा, म्हणजे उंच तिवई, आणि त्यावर सायकलचं मागचं चाक, चेन आणि पायडलसकट. चाकाच्या आऱ्यांमध्ये गोडेतेलाच्या डब्यांचे पत्रे तिरपे बसवलेले. तुम्ही घोडा खळ्याच्या कडेला रोवला, हाताने पायडल फिरवलं आणि काय सांगू, काकीचा पदर उडाला. माझ्या डोळ्यांत कचरा गेला. तुम्ही लहान पोरासारखे हसत होता. "आता वाऱ्याच्या बापाची वाट बगाची नाय," तुम्ही म्हणालात. आई बुंध्याला टेकलेली पाठ न हलवता म्हणाली, "येल की वारा. घाई कोनाला हाय?" पण तुम्ही ऐकलं नाहीत, किंवा ऐकून तुम्हाला ते तुमचं कौतुकच वाटलं. मी पायडल फिरवायला बसले, आई उठली, तिने सूप उचललं. संध्याकाळच्या आत ढीग संपला. दुसऱ्या दिवशी काकीचं भात आपल्या खळ्यावर आलं, तिसऱ्या दिवशी खालच्या आळीचं. तुम्ही सगळ्यांना हो म्हणत गेलात, आणि पंखा ज्यांचा, त्यांच्याच घरच्या बाईने सूप धरायचं हे आपोआप ठरून गेलं. त्या वर्षापासून आपल्या खळ्यावर कोणी वाऱ्याची वाट बघितली नाही. आणि आई चिंचेखाली बसली नाही.

हे तेव्हा मला कळलं असं म्हणत नाही. तेव्हा मला तुमचा अभिमान होता. वर्गात मी सांगत असे की माझे बाबा काहीही बनवतात. आणि ते खोटं नव्हतं. तुमचं शिक्षण चौथीपर्यंत, पण शेतीचं काम संपलं की तुम्ही पाचूबंदरला होड्यांच्या इंजिनांवर मदतीला जायचात, आणि परत येताना रिकाम्या हाताने कधी आला नाहीत. तुटकं बेअरिंग, फाटक्या जाळ्याचा तुकडा, पितळेची वाकडी कडी, समुद्राने काळी केलेली फळी. पडवीत तुमचा कोपरा होता आणि त्यात आम्हाला पाय ठेवायची बंदी होती. आई म्हणायची, "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी." पण तुम्ही रिकामे कुठे होता? तुम्ही रिकामे राहायचंच नाही असं ठरवून जन्माला आला होता.

विहिरीच्या रहाटाला तुम्ही इंजिनातलं बेअरिंग बसवलंत तेव्हाही असंच झालं. आधी तो रहाट असा कुरकुरायचा की दोन बायकांशिवाय हंडा वर येत नसे, म्हणून आई आणि काकी एकमेकींना हाक मारून विहिरीवर जात, आणि पाण्यापेक्षा गोष्टींनाच जास्त वेळ लागे. बेअरिंग बसल्यावर रहाट बोटाने फिरायला लागला. दोराच्या दोन्ही टोकांना बादल्या, एक वर येतेय तर दुसरी खाली जातेय. आई एकटी पाणी काढू शकते हे पाहिल्यावर तुम्ही विहिरीपलीकडे वांग्याचे आणि लाल माठाचे वाफे केलेत. पाणी हलकं झालं ना, मग ते वापरायला नको? पाणी हलकं झालं आणि बादल्या वाढल्या. मग भाजी झाली, मग ती विकायला हवी, मग टोपली डोक्यावर घेऊन आई पापडी गावात जायला लागली. मग तुम्ही म्हणालात टोपली जड आहे, आणि सायकलच्या उरलेल्या चाकांची हातगाडी केलीत. मग गाडीत दोन टोपल्या मावतात हे तुमच्या लक्षात आलं.

सुकी मासळी ठेवायला तुम्ही जाळीचा डबा केलात त्याची आठवण आली की अजून हसू येतं. मांजराला शिवता येणार नाही आणि ऊन आत जाईल असा. चारी बाजूंनी जुनं जाळं ताणलेलं, वर झाकण, झाकणाला तुमच्या हातची कडी. मांजराला खरंच शिवता आलं नाही. ते डब्यावर चढून बसायचं आणि दिवसभर आत बघत राहायचं. मग अख्ख्या आळीचे बोंबील आपल्या अंगणात सुकायला आले, पावसाळ्याच्या आधीची घाई, आणि ते उलटायचे कोणी, ढग आले की आत घ्यायचे कोणी? आई म्हणाली, "भीक नको पन कुत्रा आवर." तुम्ही मोठ्याने हसलात. तुम्हाला वाटलं ती मांजराबद्दल बोलतेय.

बाबा, मी तुम्हाला दोष द्यायला बसले आहे असं वाटेल. नाही. आता दोष देण्याइतका जोर राहिलेला नाही. फक्त एकदा सगळं ओळीने मांडून बघायचं आहे, की आईला काय हवं होतं आणि तुम्ही तिला काय दिलंत. कारण तिला हवं होतं ते अगदी एवढंसं होतं, आणि तुमचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं तर शत्रूही म्हणणार नाही.

पापडीला आई बहुतेक रविवारी जायची, कारण रविवारी तिकडची माणसं घरी असत. चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपून लोक परतलेले असत, वाड्यांमध्ये शुकशुकाट, केळीच्या बागांतून पाणी सोडलेलं नसे. एका घरी तिचं नेहमीचं गिऱ्हाईक होतं, वयस्क बाई, चर्चला नेसून गेलेलं लुगडं तसंच, ओटीवर लाकडी खुर्चीत बसलेली असायची. मी दोनतीनदा आईबरोबर गेले होते, त्यामुळे ती मलाही दिसते. पांढरे केस, कानात जड सोनं, आणि हात मांडीवर. त्या हातांत ना सूप, ना सुई, ना शेंगा. त्या बाईने एकदा आईला म्हटलं, "बस गो बाय जरा. ऊन केवडा हाय." आणि आतून दुसरी खुर्ची मागवली. आई आधी नको नको म्हणाली, मग टेकली. भाजीवाली बाई खुर्चीवर, हे तिला स्वतःलाच पटत नव्हतं. पण बसली. कोंबडी अंगणातून गेली ती दोघींनी बघितली. कोणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता तो ऐकला. मी पायरीवर बसून केळं खात होते आणि मला कंटाळा आला होता.

घरी येताना आई गाडी ढकलत म्हणाली, "मी त्यांना इचारला, तुमी बसून करता काय? तं म्हनल्या, कय नाय. आयतवार हाय." मग थोडं पुढे गेल्यावर, "त्यांचा देव त्यांना सांगतो, आज बसा. बग कसा हाय. देवानंच सांगितला तं सासू बी कय बोलनार नाय, नवरा बी कय बोलनार नाय." आणि अजून पुढे, गावाच्या बांधावर आल्यावर, "आपल्या देवाला कोनी सांगाचा?" ती हे रडून सांगत नव्हती हो. एखादी नवी भाजी बघून आल्यासारखी सांगत होती. पण त्यानंतर तिचं मन त्या खुर्चीवर राहिलं, हे मला माहीत आहे, कारण त्या रात्री जेवताना तिने तुमच्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"मना एक खुर्ची बनवून द्या," ती म्हणाली. "ओट्यावर बसाला."

तुमचा घास हातात राहिला. इतक्या वर्षांत तुम्ही तिच्यासाठी काय काय बनवलंत, पण ते सगळं तुमच्या डोक्यातून निघालेलं. तिने स्वतःहून सांगितलं असं हे पहिलंच. तुमच्या चेहऱ्यावर काय पसरलं ते मी कधी विसरणार नाही. तुम्ही जेवण पुरं न करता पडवीत गेलात आणि फळ्या चाळायला लागलात.

किती दिवस लागले आठवत नाही, पण इतके लागले की आई विचारायची थांबली. तुम्ही कोपऱ्यापुढे गोणपाट बांधून टाकलं होतं, कोणी बघू नये म्हणून. फळ्या होडीच्या, तासून तासून आतलं तांबूस लाकूड वर आलेलं. बैठक सुंभाने विणलेली, पाठ थोडी मागे कललेली, कारण आईची कंबर तेव्हाच दुखायला लागली होती आणि ते तुमच्या नजरेतून सुटलं नव्हतं. गोणपाट काढायच्या दिवशी तुम्ही काकीला बोलावलंत, काकीने आळीला बोलावलं. खुर्ची ओट्यावर आणून ठेवलीत. खरंच सुंदर होती. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिला बघून थांबली. नवरीसारखी लाजली, मी बघितलं. तिने खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला. आणि मग तुम्ही म्हणालात, "थांब, आजून बग."

खुर्चीच्या उजव्या हाताखालून तुम्ही एक फळी बाहेर ओढलीत. तिच्या टोकाला खवणीचं पातं. म्हणजे आता जमिनीवर उकिडवं बसून नारळ खवायला नको, खुर्चीत बसून खवायचा. डाव्या बाजूला परात अडकवायची कडी. आणि पायाशी एक पायडल, ते दाबलं की मागचा चरक फिरायचा आणि सुंभ वळलं जायचं. "हात खवतात, पाय सुंब वलतात," तुम्ही म्हणालात, "आनि मानूस आरामात बसलाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकी म्हणाली, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. कोणीतरी नारळ फोडून आणला. आई बसली. सगळे बघत होते म्हणून तिने नारळ खवला, पायाने पायडल दाबलं, आणि हसली. ते हसणं मी अजून उलगडून बघते. त्यात राग नव्हता. एखादं मूल आपल्यासाठी फूल म्हणून गवताची काडी घेऊन आलं की आपण जसं हसतो, तसं काहीतरी होतं.

मला मात्र राग आला होता. आठवडाभराने मी पडवीत तुमच्याकडे आले. पाय ठेवायची बंदी होती तिथे पाय ठेवून म्हणाले, "बाबा, ती खवणी काढून टाका ना. तिला नुसती खुर्ची हवी होती." तुम्ही कानस थांबवलीत. तुम्हाला राग आला नाही, मला वाटलं होतं येईल. तुम्ही खरोखरच गोंधळून माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "आनि मंग ती बसून करंल काय?"

काय करेल? काही नाही करणार. पण "काही नाही" ही वस्तू तुम्हाला कशी समजावून सांगायची, जिला ना माप आहे, ना बिजागरी. मग तुम्ही परत कानस चालवायला लागलात, आणि खाली बघतच बोललात, "माजी आय भाऱ्याखाली पडली बांदावर. मी मागं होतो. मानंवर हा एवडा घट्टा होता तिच्या. बाईमानसाचा काम सपत नाय गो. हलका करता येतं तेवडा कराचा." आजीबद्दल तुम्ही माझ्याशी बोललात ते एवढंच. पुढे मला कळलं की ती त्या बांधावरून उठलीच नाही. बाईचं काम संपू शकतं, निदान एका दुपारपुरतं तरी संपवता येतं, हे तुम्ही कोणाच्या घरी बघितलंच नव्हतं. मी कोपऱ्यातून बाहेर आले आणि तो विषय मी पुन्हा काढला नाही.

खुर्चीचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. तिची कीर्ती झाली. लग्नघरांतून नारळांची पोती आपल्या ओट्यावर यायला लागली, कारण आपल्याकडे बसून खवायची सोय होती. आई त्या खुर्चीत बसायची, हो, रोज बसायची, दुपार दुपार बसायची, आणि समोर खोबऱ्याची परात भरत जायची. पापडीच्या त्या बाईसारखीच दिसायची लांबून. जवळ गेलं की पायडलचा आवाज यायचा.

एकदाच तिने प्रयत्न केला. तुम्हाला हे आठवतंय का कोण जाणे, तुमच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच घडलं नाही. रविवार होता. मी अकरावीचा अभ्यास करत खिडकीत बसले होते. आईने भांडी घासून पालथी घातली, ओटा झाडला, खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे ओढली, खवणीची फळी आत ढकलली, पायडलवर फडकं टाकलं. आणि बसली. हात मांडीवर ठेवले. आधी पालथे ठेवले, मग उताणे, मग परत पालथे. समोर बघायला लागली. अंगणात कोंबडी वगैरे काही नव्हती, नुसतं ऊन होतं. हळूहळू तिचे खांदे खाली आले. मी पुस्तकातून मान वर करून बघत होते आणि मला वाटत होतं, बसू दे हिला, कोणी येऊ नका आता, कोणीही येऊ नका. तेवढ्यात तुम्ही वाफ्यांकडून आलात. अंगणात उभे राहिलात, तिला बघितलंत आणि तुमचा चेहरा उतरला. फावडं टाकून तुम्ही ओट्यावर चढलात आणि तिच्या कपाळाला हात लावलात. "काय झाला? बरा नाय काय तुला?"

किती मायेने विचारलंत, बाबा! दुसऱ्या कोणाचा नवरा असता तर ओरडला असता, काम नाही का म्हणाला असता. त्याला आईने उलट उत्तर दिलं असतं, तिची जीभ काही कमी नव्हती. पण या हाताला काय उत्तर देणार? ती म्हणाली, "नाय, बरी हाय. उटतंय." आणि उठली. तुम्हाला चहा हवा असेल म्हणून आत गेली. परत तिने तसं कधी केलं नाही, निदान मी बघितलं नाही.

त्यानंतर मी शिक्षिका झाले, माझं लग्न झालं, विरारला आले. आपल्या गावाच्या बाजूने रस्ते व्हायला लागले, भातशेतीत भराव पडायला लागले. आईची कंबर बसली ती त्या सुमारास. मणके झिजलेत, डॉक्टर म्हणाले, आता उठवू नका. आणि मग तुम्ही जे काही बनवलंत ना, ते तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. मला ते मनापासून सांगायचं आहे. खाटेच्या वर वाशाला बेअरिंगची चक्री आणि दोर, म्हणजे तिला स्वतःच्या हाताने अर्धं उठता यावं. खाटेचा डोक्याकडचा भाग वर करायची खुंटी. पाणी पिताना सांडू नये म्हणून तोटीचा पेला. कुशीवर वळवायला फळी. डॉक्टर घरी आले तेव्हा त्यांनी दोर ओढून बघितला आणि कौतुकाने मान डोलावली. प्रत्येक वस्तू तिने वापरली, आणि त्या प्रत्येक वस्तूने तिला खरंच सोपं झालं. पण तुम्ही थांबला नाहीत. रोज काहीतरी नवं. माशा येतात म्हणून दोरीचा पंखा, मग तो दोरीचा पंखा पायाने चालावा म्हणून आणखी काहीतरी. मी सुट्टीत येऊन राहिले होते, आणि दिवसभर पडवीतून ठोकण्याचा आवाज यायचा. आई डोळे मिटून तो ऐकत पडलेली असायची.

एके दुपारी तुम्ही नवी खुंटी बसवायला आत आलात. मी दारात उभी होते, आईची पेज घेऊन. तुम्ही खाटेखाली वाकलात तेव्हा आई म्हणाली, "आवो, आता कय बनवू नका."

तुम्ही म्हणालात, "येवडा झाला की झाला."

"नको," ती म्हणाली. "इकरं बसा."

तुम्ही खुंटी खाली ठेवलीत. बसायचं कुठे तेच तुम्हाला सुचेना. शेवटी खाटेशेजारी जमिनीवर बसलात, पाठ भिंतीला न टेकता, उठायच्या तयारीत असल्यासारखे. तुमचा हात आपोआप दोराच्या सुटलेल्या टोकाकडे गेला आणि बोटं त्याचा पीळ उलगडून परत वळायला लागली. आईने खाटेवरून हात खाली सोडला, दोर तुमच्या बोटांतून काढून घेतला आणि तुमचा हात धरला. एवढंच. तुमचा तो हात थोडा वेळ तिच्या हातात हलत राहिला. मग थांबला. मी पेज घेऊन तशीच मागे फिरले. चुलीपाशी बसून रडले, आणि पेज गार झाली म्हणून परत तापवली. पुन्हा बघितलं तेव्हाही तुम्ही तसेच होता. ऊन अंगणातून निघून गेलं होतं, दिवा लावायची वेळ होत आली होती. रिकाम्या हाताने बसलेले तुम्ही मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलात.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. आणि त्यानंतर तुम्ही काहीही बनवलं नाहीत. लोक बिघडलेले पंप घेऊन यायचे, तुम्ही म्हणायचात, "ऱ्हाऊ दे." मी रविवारी यायचे तेव्हा तुम्ही ओट्यावर बसलेले असायचात. हात मांडीवर. मला ते बघवत नसे. मी म्हणायचे, बाबा, काहीतरी करा ना हातांनी, वेळ जाईल. तुम्ही म्हणायचात, "बसलोय ना." मला वाटायचं तुम्ही खचलात. आता वाटतं, खचला नव्हता. तुम्ही ते शिकलात. ती असताना एक रविवार तरी जमलं असतं, तर मला आज हे लिहावं लागलं नसतं, एवढंच मनात येतं, आणि ते मनात येऊनही आता काही उपयोग नाही.

तुम्हीही गेलात, आपली जमीन गेली, घर गेलं, त्या ठिकाणी इमारत आहे. माझ्या घरात खोबरं खवायचं यंत्र आहे, कपडे धुवायचं यंत्र आहे, बटण दाबलं की पाणी वर चढतं. तुम्ही बघितलं असतं तर वेडे झाला असता. आणि तरीही, बाबा, मी खूप दमले आहे. शाळेतून निवृत्त होऊनही दमले आहे. गेल्या महिन्यात माझेही मणके आईच्याच वळणावर गेले, आणि डॉक्टरांनी मला बसून राहायला सांगितलं आहे, काहीही न करता. लेकीने गॅलरीत खुर्ची टाकली आहे, उशी लावून, नुसती खुर्ची, तिला काही जोडलेलं नाही. घरातलं सगळं काम तिने माझ्या हातून काढून घेतलं आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. तुमच्या आठवणीने लिहायला बसले असं वर लिहिणार होते, पण ते खरं नाही. रिकामं बसवेना, म्हणून लिहायला घेतलं.